इंजिनाचा पहिला फेरा : स्प्रिंगच्या शक्तीवर चालणारे प्रारंभक

विजेच्या मोटारीचा खटका दाबताच ती फिरू लागते. वाफेच्या इंजिनात बाष्पकातील वाफ सिलिंडरमध्ये सोडली की तिच्या दाबाने दट्ट्या पुढे सरकतो. ज्याला आपण बोलीभाषेत ‘ऑइल इंजिन’ म्हणतो, त्या अंतर्ज्वलन इंजिनाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याच्या टाकीत इंधन भरलेले असले, झडपा व नोझल उत्तम स्थितीत असली, तरी ते स्वतःहून एक फेराही घेऊ शकत नाही. हवा आत ओढणे, ती दाबणे, इंधन पेटवणे व जळालेला वायू बाहेर टाकणे या चार क्रियांपैकी पेटण्याची क्रिया तिसरी. पहिल्या दोन क्रिया घडवून आणण्यासाठी कोणीतरी बाहेरून शक्ती पुरवावी लागते. इंजिनाचा हा पहिला फेरा कोणी व कसा फिरवावयाचा, या प्रश्नाची जी अनेक उत्तरे यंत्रज्ञांनी शोधली, त्यांपैकी एक म्हणजे स्प्रिंगच्या शक्तीवर चालणारा प्रारंभक. घड्याळाला चावी द्यावी तशी या प्रारंभकाला चावी द्यावयाची, आणि मग एक खटका सोडून ती साठवलेली शक्ती एकदम इंजिनाच्या हवाली करावयाची, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील वाचकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या देशातील इंजिन व पंप उद्योगाची जी आरंभीची केंद्रे होती, त्यांतील दोन याच परिसरात आहेत. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी देऊ केलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्थानकाजवळ, आपला कारखाना व त्यासोबत एक वसाहत उभी केली. तीच आजची पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, उसाचा चरक अशा अवजारांपासून सुरू झालेला हा उद्योग पुढे पंपांकडे वळला. आणि पंपाला फिरविणारे इंजिन बनविण्यासाठी १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही स्वतंत्र कंपनी पुण्यात स्थापन झाली. दुसरे केंद्र कोरेगाव तालुक्यातील सातारा रोड, म्हणजे पाडळी. तेथे सर धनजीशहा कूपर यांनी १९२० च्या दशकात नांगरांचा कारखाना काढला. १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे मुख्यमंत्रिपद भूषविणारे हेच ते गृहस्थ. भारतात तयार झालेल्या अगदी पहिल्या डिझेल इंजिनांत त्यांच्या कारखान्यातील इंजिनांची गणना होते. पुढे हा कारखाना वालचंद उद्योगसमूहाकडे गेला.

या इंजिनांनी कृष्णा, वारणा, येरळा यांच्या काठची शेती पालटून टाकली. बैलजोडी दिवसभर धावेवर चालून मोटेने जेवढे पाणी काढी, तेवढे पाच अश्वशक्तीचे इंजिन थोड्या वेळात उपसू लागले. गुऱ्हाळातील चरक इंजिनावर फिरू लागले, पिठाच्या गिरण्या गावोगाव निघाल्या. १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागल्यावर आणि पुढे ग्रामीण विद्युतीकरण वाढल्यावर विहिरीवरील व नदीवरील बहुतेक इंजिने मोटारींना जागा देऊन बाजूला झाली. आता सौर पंपही आले आहेत. तथापि इंजिन गावातून गेलेले नाही, त्याने फक्त आपली जागा बदलली आहे. पूर्वी ते रोजच्या कामाचे यंत्र होते. आज ते बहुधा अडचणीच्या वेळचे यंत्र आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील जनित्र, नळपाणी योजनेवरील राखीव पंप, साचलेले पाणी उपसणारा पंप, पुरात वापरावयाची यांत्रिक बोट ही त्याची आजची रूपे होत. अडचणीच्या वेळचे यंत्र अडचणीच्या वेळी सुरू झाले नाही, तर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

हँडल मारण्यामागील गणित

आपल्याकडील शेतीच्या इंजिनांवर प्रारंभासाठी हँडलच रूढ झाले. ‘इंजिनाला हँडल मारणे’ हा शब्दप्रयोग दोन पिढ्यांच्या तोंडी आहे. तथापि हँडल मारण्यात केवळ ताकदीचा भाग नसून एक सुंदर तत्त्व दडलेले आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ते समजले म्हणजे स्प्रिंगचा प्रारंभक समजण्यास वेळ लागत नाही.

पाच अश्वशक्तीच्या, एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनात सिलिंडरचे घनफळ सुमारे ५५० घन सेंटिमीटर असते आणि आत घेतलेली हवा सोळा-सतरा पट दाबली जाते. डिझेलला ठिणगी लागत नाही. दाबल्यामुळे तापलेल्या हवेतच ते पेटते. हवा एकदा दाबण्यासाठी लागणारे कार्य गणिताने काढले, तर ते अडीचशे जूलच्या आसपास येते. हा आकडा ऐकून दचकण्याचे कारण नाही. पंचवीस किलोचे पोते जमिनीपासून एक मीटर उचलण्यास जेवढे श्रम पडतात, तेवढेच हे श्रम आहेत. कोणताही धडधाकट माणूस ते सहज करील.

अडचण श्रमाच्या मापाची नाही, ती वेळेची आहे. हे पोते सावकाश उचलून चालत नाही. हवा हळूहळू दाबली, तर तिची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात, शिवाय दट्ट्याच्या कड्यांमधून थोडी हवा निसटते. आणि डिझेल पेटण्याइतके तापमान गाठले जात नाही. झटपट दाबली तर मात्र आदर्श स्थितीत हवेचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकते. प्रत्यक्षात ते याहून कमी राहते, पण डिझेल आपोआप पेटण्यासाठी सव्वादोनशे अंशांच्या आसपासचे तापमान पुरते. शिक्षकांना हे वर्गात सायकलच्या पंपाने दाखविता येईल. पंपाचे तोंड बोटाने घट्ट दाबून दांडा भरभर पाच-दहा वेळा दाबला की नळीचा खालचा भाग हाताला गरम लागतो. तोच दांडा अगदी सावकाश दाबला की फारसा फरक जाणवत नाही. थंडीत पहाटे इंजिन का रुसते, याचे उत्तर या साध्या प्रयोगात आहे.

समजा, इंजिन मिनिटाला दीडशे फेऱ्यांच्या वेगाने फिरवावयाचे आहे. या वेगात अर्ध्या फेऱ्याला, म्हणजे हवा दाबण्याच्या एका क्रियेला, सेकंदाचा पाचवा भाग मिळतो. तेवढ्यात अडीचशे जूल पुरवावयाचे, म्हणजे त्या क्षणापुरती साडेबाराशे वॅट शक्ती लागते. ही झाली दीड अश्वशक्तीहून अधिक. माणूस सातत्याने काम करू लागला तर तो एका अश्वशक्तीचा दहावा हिस्सा, सुमारे पाऊणशे वॅट, एवढेच काम करू शकतो. जोर लावून क्षणभर त्याच्या काही पटी. तेव्हा नुसत्या मनगटाच्या बळावर हा दाब पार करणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

येथे इंजिनाचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, मदतीला येते. इंजिनाच्या डोक्यावर एक छोटी कळ असते. ती उचलली की झडप किंचित उघडी राहते व हवा दाबली न जाता बाहेर पडते. या स्थितीत इंजिन हलके फिरते. हँडल मारणारा माणूस आठ-दहा फेऱ्यांत त्या जड चाकाला वेग देतो, म्हणजेच आपले श्रम थोडे थोडे करून चाकात साठवितो. मग कळ खाली टाकताच चाक आपला साठा हवेच्या दाबावर खर्च करते. समजा, चाकाच्या धावेचे वजन ६० किलो असून ती मध्यापासून २५ सेंटिमीटर अंतरावर आहे. मिनिटाला ६० फेऱ्यांच्या वेगाला त्या चाकात सुमारे ७५ जूल ऊर्जा असते. १२० फेऱ्यांना ती चौपट, म्हणजे ३०० जूलच्या जवळ जाते. १५० फेऱ्यांना साडेचारशेच्या पुढे जाते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हा पदार्थविज्ञानातील नियम येथे डोळ्यांसमोर उभा राहतो. साठ फेऱ्यांना कळ टाकणाऱ्याचे इंजिन दाबाशी अडखळून थांबते आणि दीडशे फेऱ्यांना टाकणाऱ्याचे पहिल्या झटक्यात धडधडू लागते. जुना जाणता इंजिनवाला हे गणित कधी शिकला नव्हता, पण चाकाच्या आवाजावरून कळ केव्हा टाकावयाची हे तो अचूक ओळखत असे.

मनगटाचा धोका

ही पद्धत स्वस्त व भरवशाची खरी, पण तिला दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे, ती मंद गतीच्या व जड चाकाच्या इंजिनांना मानवते. इंग्लंडमधील लिस्टर कंपनीचे मिनिटाला ६५० फेऱ्यांचे जे प्रसिद्ध इंजिन होते, आणि ज्याच्या धर्तीवरील इंजिने गुजरातेत राजकोटला मोठ्या संख्येने तयार झाली, त्याला दोन्ही बाजूंना प्रचंड चाके असत. मिनिटाला १५०० किंवा त्याहून अधिक फेरे घेणाऱ्या आटोपशीर इंजिनांचे चाक तुलनेने हलके असते. त्यात दोन, तीन, चार सिलिंडर असले, की हँडल मारणे जवळजवळ अशक्य होते.

दुसरी मर्यादा धोक्याची आहे. इंधन वेळेआधी पेटले, तर दट्ट्या वर पोचण्यापूर्वीच मागे ढकलला जातो आणि हँडल उलटे फिरते. यालाच इंजिनाने ‘लाथ मारली’ असे म्हणतात. मोटारगाड्यांना हँडल मारण्याच्या काळात ही दुखापत इतकी सर्रास होती, की मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीला अस्थिरोगतज्ज्ञ आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’, म्हणजे वाहनचालकाची मोड, याच नावाने ओळखतात. चार्ल्स केटरिंग यांनी १९११ साली विजेचा प्रारंभक यशस्वी केला व कॅडिलॅक कंपनीने १९१२ च्या गाड्यांवर तो बसविला, त्यानंतर मोटारींचे हँडल हळूहळू नाहीसे झाले. शेतात मात्र ते टिकून राहिले. ज्यांना आजही हँडल मारावे लागते त्यांनी अंगठा हँडलभोवती न वळविता बोटांच्याच बाजूला ठेवावा व जोर खालून वर ओढताना लावावा, वरून खाली दाबताना लावू नये. हँडल उलटले तरी मग ते बोटांतून सुटून जाते. धोतराचा सोगा, उपरणे, ओढणी, सैल बाही यांचा फिरत्या चाकाशी संबंध येऊ देऊ नये, हे वेगळे सांगावयास नको. पण गिरण्यांमधील अपघात पाहता ते पुन्हा सांगितलेले बरे.

स्प्रिंगमध्ये साठविलेले श्रम

आता मूळ विषयाकडे वळू. हँडलाच्या पद्धतीत श्रम साठविण्याची जागा फिरते चाक ही आहे. चाकाचा दोष असा की, ते थांबले की साठा संपला. एका दमात, न थांबता काम उरकावे लागते. स्प्रिंगला ही घाई नसते. ती अर्धी पिळून विश्रांती घेता येते, दुसऱ्या माणसाच्या हाती हँडल देता येते. दातेरी चाक व त्यात अडकणारा खटका यांच्या योगाने पिळलेली स्प्रिंग मागे सुटत नाही.

अशा प्रारंभकाचे मुख्य भाग मोजकेच असतात. एका बंद पोलादी डब्यात स्प्रिंग असते. ही स्प्रिंग काही बनावटींत घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेल्या रुंद पट्टीची असते; काहींत जाड तारेची असते; तर काहींत बशीच्या आकाराच्या पोलादी चकत्या एकावर एक रचलेल्या असून त्या दाबल्या गेल्या की शक्ती साठते. डब्याच्या मागील बाजूस लहान हँडल लावण्याची सोय असून मध्ये दातेरी चाकांची अशी योजना असते, की हँडलाच्या अनेक फेऱ्यांनी स्प्रिंग थोडी थोडी पिळली जावी. त्यामुळे हाताला जोर फार लागत नाही. पुढील बाजूस एक छोटे दातेरी चाक, म्हणजे पिनियन, असते. खटका सोडला की पिनियन आट्यांच्या दांड्यावरून पुढे सरकून फ्लायव्हीलच्या कडेवरील दात्यांत अडकते आणि मग स्प्रिंगचा सारा जोर इंजिनावर येतो. इंजिन पेटून वेग घेऊ लागले की तेच आटे पिनियनला मागे ढकलून बाजूला करतात. विजेच्या प्रारंभकाच्या जागीच हा प्रारंभक बसविता येईल अशी बहुधा त्याची रचना असते, आणि हा त्याचा फार मोठा सोयीचा भाग आहे.

पुन्हा आकड्यांकडे पाहू. एका साधारण माणसाने पंचवीस सेकंद हँडल फिरविले, तर पाऊणशे वॅटच्या हिशेबाने सुमारे १,९०० जूल काम होते. घर्षणात जाणारा भाग वजा करता दीड हजार जूल स्प्रिंगमध्ये राहिले असे धरू. ते सुमारे एका सेकंदात सुटले, तर त्या सेकंदापुरती दोन अश्वशक्ती मिळते. माणसाच्या हाताने पाव मिनिटाहून अधिक वेळ खर्चून जे केले ते स्प्रिंग एका क्षणात परत करते. पण या क्षणात माणसाचा हात हँडलावर नसतो, तो बाजूला सुरक्षित उभा असतो. इंजिनाने उलट लाथ मारली तरी ती स्प्रिंगच्या डब्याला बसते. या प्रारंभकाचा सर्वांत मोठा गुण माझ्या मते हाच होय. शिवाय हँडल फिरविण्यास अंगात फार बळ असावे लागत नाही. आरोग्य केंद्रातील परिचारिका किंवा शाळेतील शिक्षिका यांनाही तो सहज वापरता येतो.

साठा किती मोठा असतो, या दृष्टीने पाहिले तर स्प्रिंग फारच दुबळी ठरते. उत्तम पोलादाच्या एक किलो स्प्रिंगमध्ये शंभर ते दोनशे जूलच साठविता येतात; म्हणून वरील प्रारंभकात दहा किलोच्या आसपास पोलाद लागेल. याउलट बारा व्होल्ट व साठ अँपिअर-तासांच्या बॅटरीत पंचवीस लाखांहून अधिक जूल असतात, आणि तिचे वजन पंधरा-सोळा किलोच भरते. मग कोणी शहाणा माणूस स्प्रिंग का वापरील? त्याचे उत्तर असे, की बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरत जाते, उन्हाळ्यात अधिक वेगाने उतरते, आणि उतरलेल्या स्थितीत काही महिने पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर जमून ती कायमची निकामी होते. स्प्रिंगचा साठा रिकामा असणे हा तिचा बिघाड नव्हे. पाच वर्षे पडून राहिलेली, पण गंज न चढलेली स्प्रिंग अर्ध्या मिनिटात पुन्हा भरता येते. रोज वापरल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरला बॅटरीच योग्य. वर्षातून दोनदा लागणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी.

नामसाधर्म्याने होणारा घोटाळा

ऊस व हळदीच्या पट्ट्यात आज फवारणीचे पंप, गवत कापण्याची यंत्रे, छोटी निंदणी यंत्रे यांचा मोठा प्रसार झाला आहे. त्यांना दोरी ओढून सुरू करण्याची सोय असते. या दोरीच्या डब्यातही गुंडाळलेली पट्टीची स्प्रिंग असते, म्हणून अनेकजण त्यालाच स्प्रिंगचा प्रारंभक समजतात. वास्तविक ती स्प्रिंग इंजिन फिरवीत नाही. ओढलेली दोरी परत गुंडाळून घेणे एवढेच तिचे काम. इंजिन फिरते ते ओढणाऱ्याच्या हाताने. जुन्या मोटारसायकलीच्या किकची स्प्रिंगही याच जातीची, पाय परत वर आणणारी. अलीकडच्या काही छोट्या इंजिनांत मात्र दोरीची कप्पी व इंजिन यांच्यामध्ये दुसरी एक स्प्रिंग घातलेली असते. दोरी सावकाश ओढली तरी ही स्प्रिंग ताणली जाते व दाब पार करण्यापुरती शक्ती जमली की झटक्याने सुटते. तिला स्प्रिंगच्या प्रारंभकाचे धाकटे भावंड म्हणता येईल. साठाच्या दशकात अमेरिकेतील ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीने हिरवळ कापण्याच्या यंत्रांवर चावी देण्याचे खरेखुरे स्प्रिंग प्रारंभक बसविले होते. पुढे दोरीची पद्धत सुधारली व ते मागे पडले.

दोरीचा प्रारंभक वापरताना प्रथम दोरी हळू ओढून इंजिनाचा दाब हाताला लागू द्यावा, आणि तेथून एकसारखा जोर लावावा. दोरी टोकापर्यंत ओढू नये व मूठ मोकळी सोडून देऊ नये. दोरी तुटल्यास डबा घरी उघडण्याचा मोह टाळावा, कारण आतील पट्टी उसळून चेहऱ्यावर येऊ शकते.

स्प्रिंगचे प्रारंभक कोठे वापरले जातात

जगात हा प्रारंभक जेथे टिकून आहे, ती ठिकाणे पाहिली म्हणजे त्याचे मर्म कळते. जहाजांवरील जीवनरक्षक नौका हे त्यांतील प्रमुख. या नौकांच्या इंजिनाला हाताने सुरू करण्याची सोय असावी, नाहीतर परस्परांपासून स्वतंत्र असे दोन ऊर्जासाठे असावेत, आणि उणे १५ अंश तापमानातही ते दोन मिनिटांत सुरू व्हावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. दुसरे ठिकाण म्हणजे खाणी व तेल-वायूचे साठे, जेथे विजेची एक ठिणगीही घात करू शकते. तिसरे, वस्तीपासून दूरचे पंप व जनित्रे. या सर्वांत समान गोष्ट ही, की यंत्र क्वचित लागते, पण लागते तेव्हा मदतीला दुसरे कोणी नसते.

आपल्या जिल्ह्यांत अशी वेळ कोणती, हे कृष्णाकाठच्या गावांना सांगावयास नको. सांगलीत १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ नदीची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी तेथे ५७ फुटांवर गेले. जुलै २०२१ मध्ये ते पुन्हा ५० फुटांच्या वर चढले. अशा वेळी रोहित्रे पाण्याखाली जातात, वीज सुरक्षिततेसाठी बंद करावी लागते, नळपाणी योजना थांबते. पूर चोहोबाजूंनी असतो आणि पिण्याचे पाणी मात्र नसते, असा विचित्र प्रसंग ओढवतो. जनित्र गावात असते. पण मागील पावसाळ्यानंतर त्याला कोणी हात लावलेला नसतो, आणि किल्ली फिरवताच बॅटरी ‘टक्’ एवढाच आवाज करून गप्प बसते. तालुक्याच्या गावाहून दुसरी बॅटरी आणावी, तर रस्ता बंद.

याचा अर्थ प्रत्येक ग्रामपंचायतीने स्प्रिंगचा प्रारंभक विकत घ्यावा, असा नाही. तो बॅटरीपेक्षा महाग पडतो, आणि ज्या कामाला एका सिलिंडरचे साधे हँडलचे इंजिन पुरते, तेथे त्याची गरजही नाही. किंबहुना साचलेले पाणी उपसण्यासाठी किंवा राखीव पंपासाठी जुने जड चाकाचे इंजिन सुस्थितीत असेल, तर ते भंगारात काढण्याची घाई करू नये, असेच माझे मत आहे. मात्र दोन-चार सिलिंडरचे जनित्र खरेदी करावयाचे असेल, विशेषतः पूरप्रवण गावात किंवा जत, आटपाडी, माण, खटाव यांसारख्या तालुक्यांतील दूरच्या वस्तीवर, तर निविदेत एक अट घालणे इष्ट ठरेल : बॅटरी पूर्णपणे निकामी असतानाही इंजिन सुरू करता येईल अशी दुसरी स्वतंत्र सोय असावी. ती सोय स्प्रिंगची असेल, हाताने दाब भरण्याच्या तेलपंपाची असेल किंवा दाबलेल्या हवेची असेल.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. १ जुलै २०२३ पासून जनित्रांच्या धुरासंबंधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिक कडक निकष लागू झाले आहेत. त्यानंतरच्या अनेक इंजिनांत इंधन सोडण्याचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक मंडलाकडे दिलेले असते. त्या मंडलाला वीज मिळाली नाही, तर स्प्रिंगने इंजिन कितीही जोराने फिरविले तरी इंधनाचा थेंब आत जाणार नाही. काही जुन्या धाटणीच्या जनित्रांतही इंधन बंद करणारी विजेची झडप असते, तिचीही तीच गत. म्हणून पुरवठादाराला नुसते ‘स्प्रिंग प्रारंभक बसेल का’ एवढे विचारून भागत नाही. ‘बॅटरीच्या तारा पूर्णपणे सोडून इंजिन सुरू करून दाखवा’ असे सांगावे, आणि तसे दाखविल्याशिवाय यंत्र ताब्यात घेऊ नये.

पुरातील बोटींच्या इंजिनांना बहुधा दोरीचाच प्रारंभक असतो. त्यातील स्प्रिंग तुटली तरी बहुतेक इंजिनांच्या फ्लायव्हीलवर दोरी अडकविण्याची खाच असते व वरचे झाकण काढून साध्या दोरीने इंजिन सुरू करता येते. ही दोरी बोटीतच बांधून ठेवलेली असावी, आणि ती कशी गुंडाळावयाची याचा सराव मे महिन्यात कोरड्या जमिनीवर झालेला असावा. असे सुरू केलेले चाक उघडे फिरत असते, तेव्हा झाकण पुन्हा बसविण्याच्या फंदात इंजिन चालू असताना पडू नये.

निगा व शिक्षण

स्प्रिंगच्या प्रारंभकाला निगा फारशी लागत नाही, पण जी लागते ती चुकवून चालत नाही. तो पिळलेल्या स्थितीत ठेवू नये. पिळून ठेवला की कोणाचा तरी हात खटक्याला लागण्याची भीती असते, आणि स्प्रिंगही दीर्घकाळ ताणाखाली राहिल्याने आपला जोर थोडाथोडा गमावते. खटका सोडण्यापूर्वी हँडल काढून घेतलेच पाहिजे. इंधनाच्या नळीतील हवा आधी काढून टाकावी, कारण पंचवीस सेकंद पिळून मिळालेला एक झटका इंधनच न आल्याने वाया गेला, तर पुन्हा सारे पिळावे लागते. विजेच्या प्रारंभकासारखे ‘पुन्हा एकदा’ असे येथे सहज होत नाही. डबा उघडून स्प्रिंग पाहण्याचा प्रयत्न स्थानिक कारागिराने करू नये. बंद डब्यातील दीड हजार जूल मोकळे सुटले, तर ते दीडशे किलोचे वजन एक मीटर वरून पडल्यासारखेच आहे.

माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांना या विषयात शिकविण्यासारखे पुष्कळ आहे. ऊर्जा व शक्ती यांतील फरक विद्यार्थ्यांना व्याख्या पाठ करून कळत नाही. चावीची खेळण्यातली मोटार घेऊन ती दहा सेकंद पिळावी व सोडल्यावर ती किती सेकंदांत थांबते हे घड्याळ लावून मोजावे. सायकल उलटी उभी करून मागील चाकाला वेग द्यावा व ब्रेक हळू लावला तर किती वेळाने, जोरात लावला तर किती वेळाने ते थांबते हे पाहावे. ऊर्जा तीच, वेळ निराळा, म्हणून शक्ती निराळी, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. कारखानदारीची परंपरा असलेल्या या दोन जिल्ह्यांत जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एखादे जुने ऑइल इंजिन पाहावयास मिळणे अवघड नाही. तेथील निदेशकांच्या देखरेखीखाली कळ उचलून व कळ टाकून चाक फिरविण्यातला फरक विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने अनुभवावा.

ग्रामपंचायतींसाठी एवढे सुचवावेसे वाटते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते, व दर वर्षी पावसाळ्यापूर्वी साहित्याची पाहणी होते. या पाहणीत यंत्र ‘आहे’ अशी नोंद करण्याऐवजी ते सुरू करून पाहिल्याची नोंद करावी : तारीख, कोणत्या पद्धतीने सुरू केले, कितव्या प्रयत्नात सुरू झाले, किती मिनिटे चालविले आणि कोणी सुरू केले. शेवटचा रकाना दर महिन्याला एकाच माणसाच्या नावाने भरलेला दिसला, तर पुढील महिन्यात हँडल दुसऱ्याच्या हाती द्यावे.